टाचेमागची गाठ

तोंडवलीच्या किनाऱ्यावर होडी ओढताना माझा भाऊ कोसळला. वय बेचाळीस. अंगाने बारीक, तेलकट कधी खायचा नाही. आमचे वडीलही त्याच वयात असेच गेले होते. तेराव्याला थोरल्या काकांनी एका वाक्यात प्रकरण मिटवलं, "तेवढाच आयुष्य होता."

हे खोटं होतं. कुडाळच्या डॉक्टरांनी भावाचं शव तपासताना त्याच्या टाचांमागच्या जाड गाठी पाहिल्या होत्या आणि मला कारण सांगितलं होतं. चरबी रक्तात विरघळत नाही. यकृत तिला प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तात सोडतं आणि काम झाल्यावर उरलेले कोलेस्टेरॉलचे कण बहुतांशी यकृतच परत उचलतं. काही घराण्यांत हे उचलणंच जन्मापासून अधू असतं. मग कण रक्तात फिरत राहतात, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतात, काहींच्या टाचेमागेही. अंगकाठीचा संबंध नाही. असा दोष असलेल्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. वेळेत कळलं तर गोळ्या आहेत.

माझं रक्त ठीक निघालं. भावाला एकच मुलगी, बावीस वर्षांची. तिचं रक्त तपासायचा विषय मी काढताच काका उसळले.

"वर्साच्या आत तिचा लगीन करूचा आसा. आजारी म्हणान बोंब झाली तर करतलो कोण? तू पेपरवालो, तुका खंयही बातमीच दिसता!"

बाप गेल्यावर वर्षाच्या आत मुलीचं लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्यासाठी तपासणी तीन महिने अडवून धरली गेली.

मुलगी बघायला पाहुणे यायच्या दिवशी पुतणी साडी नेसत होती. थोरली काकी तिला म्हणाली, "निऱ्यो खाली सोड गो. टाचो झाकान घे."

"कशाला?" मी विचारलं.

"तुझ्या बापाशीक होती ती गाठ, भावाक होती. आता हिका. सोयरिकेत लोक बघतत."

म्हणजे यांना माहीत होतं. या घरातून तशा टाचांची दोन माणसं खांद्यावरून गेली, आणि यांनी त्यातून एवढंच शिकून घेतलं की साडी कुठवर सोडायची. काकांची स्वतःची टाच सपाट आहे. वय ऐंशी.

पुतणीने निऱ्या उचलून कमरेला खोचल्या.

"आजी, बाबाची गाठ झाकान काय मिळाला गो?" मग माझ्याकडे वळली. "काका, गाडी काढ. कुडाळाक जावया."

"अगो, पावण्यांका काय सांगू?" थोरले काका ओरडले.

"सांगा, रक्त देवक गेली. बसा म्हणाव, येतली."

रिपोर्ट वाईट आला. गोळी सुरू झाली. माझ्यामुळे स्थळ मोडलं, असं काका गावभर सांगतात. गोळीचं सांगत नाहीत.