जाळ पाहणारी

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एक भारी बातमी घडली, आणि ती अजून माझ्यापाशीच पडून आहे. कोपऱ्यावरच्या घरातली सून सासूच्या नाकावर टिच्चून वेगळी निघाली. गेली कुठं, तर बरोब्बर समोरच्या घरातल्या वरच्या खोलीत. आता दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून एकमेकींचे वाळत घातलेले कपडे न्याहाळतात. एवढा ऐवज हाती असताना सांगायला माणूस नाही. शेवटी न राहवून तो मी सिलिंडर आणणाऱ्याला सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, ओटीपी सांगा."

माझ्या बातम्या ऐकणारी बाई शेजारी राहायची. गेल्या उन्हाळ्यात गेली. दुपारचा चहा झाला की मागच्या दारानं यायची, पायरीवर बसायची, हातात मेथीची जुडी नाहीतर तुरीच्या शेंगा. मी बोलायची, ती निवडायची. संध्याकाळी माझ्याकडे बातम्या संपलेल्या आणि तिच्याकडे भाजी निवडून तयार. एवढ्या वेळात ती बोलली असेल तर "हो का" आणि "असू दे न वं". आता मेथी मी एकटीच निवडते. फार वेळ लागतो.

परवा तिची लेक आली. वर्षाचा कार्यक्रम करायचा म्हणाली. बुद्धवंदना होईल, घरचीच माणसं, मग जेवण.

"मावशी, बाबांनी एकच सांगितलं. लांब रोट्या पाह्यजे. मटक्यावरच्या. मी म्हटलं केटररले सांगतो, तर बाबा उठून आतच गेले."

तिचे बाबा म्हणजे वर्षभरात काहीही न मागितलेला माणूस. डबा येतो तो खातो, नाही आला तर बिस्किट खातो. त्या माणसानं तोंड उघडून रोटी मागितली होती, आणि गल्लीत लांब रोटी टाकणारी उरली होती एक मीच.

"होते न," मी छाती काढून म्हटलं. "त्यात काय हाय!"

त्यात काय आहे हे मला माहीत नव्हतं. पण ते पुढं.

लांब रोटी मला तिनंच शिकवली. तेव्हा आम्ही कोराडीला पॉवर हाउसच्या कॉलनीत एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो. मी काटोलकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, उंच, काटकुळी, आणि स्वतःबद्दल अतिशय चांगलं मत असलेली. केसांचा फुगा काढायची. कॉलनीत राख उडायची, ती फुग्यात बसायची, आणि संध्याकाळपर्यंत मी ऐन पंचविशीत पिकलेली दिसायची. तरी फुगा सोडला नाही. शेजारीण माझ्या खांद्याला लागेल एवढी. वारा फिरला की राख दोरीवरच्या कपड्यांवर यायची. ती आधी माझे कपडे काढायची, मग तिचे. मला वाटायचं, बाईला माझ्या साड्या आवडतात.

तिच्या नवऱ्याची तीन पाळ्यांची नोकरी. भोंगा झाला की तिची चूल पेटलेली असायची. वेळ कोणतीही असो, त्यानं कधी गार अन्न खाल्लं नाही. लेकरू शाळेच्या बसमधून उतरायचं तेव्हा ती फाटकाशी उभी. पाऊस, ऊन, ताप, काही असो. आमच्या घरात मात्र नवरा ड्यूटीवरून आला की मी कुठल्या तरी तिसऱ्याच घरी गप्पा हाणत असायची.

उन्हाळ्यात आंब्याचा रस निघाला की मागच्या अंगणात तीन विटा मांडून ती त्यावर मटका पालथा घालायची. कणीक सैल, इतकी सैल की नवख्याला वाटावं बाईनं पाणी जास्त ओतलं. ती परातीत आपटून आपटून तिला तार आणायची. मग ओल्या हातावर गोळा घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झुलवायचा, झुलवत झुलवत कोपरापर्यंत लोंबवायचा आणि झपकन मटक्यावर टाकायचा. पलीकडचं मटक्याचं पोट दिसावं एवढी पातळ.

पहिल्या दिवशी मी तोंड उघडं टाकून पाहत होते. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुह्ये हात लंबे हायेत वं. तू टाक. मी जाळ पाहतो."

झालं. पहिली रोटी माझ्या पदरावर पडली, दुसरी कुत्र्यानं नेली. पण हात वळले एकदाचे, आणि मग विचारू नका. बारसं असो, साक्षगंध असो, कॉलनीत माझा पुकारा व्हायचा. बाया गोल करून उभ्या राहायच्या. मी पदर खोचून, बांगड्या मागं सारून, रोटी अशी झुलवायची की जणू सर्कशीत कामाला आहे. मधूनच मान वळवून कोण कोण पाहतंय ते बघून घ्यायची. "अगाई, काय हात हाय!" असं कुणी म्हटलं की पुढची रोटी आणखी बोटभर लांब. आणि खाली, धुरात, लाकडी पिढ्यावर एक बुटकी बाई तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, चुलीत सारत बसलेली असायची. तिच्याकडे कोण बघतंय? मी तर नाहीच. तिचे डोळे लाल झाले की मी वर म्हणायची, "रडून काहून राहिली वं, माह्या रोट्या पाहून?" बाया हसायच्या. तीही हसायची.

रिटायरमेंटनंतर जरीपटका वस्तीच्या पुढं शेजारी शेजारी प्लॉट घेतले ते माझ्या हट्टानं. माझे यजमान गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. जो तो मला काही ना काही ऐकवत होता, धीर धर, देवाची मर्जी, पोरांकडे बघ. नळ आला तेव्हा शेजारणीनं माझं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशीही भरलं. लोक गेल्यावरही भरत राहिली, आणि एक दिवस मी म्हटलं, "सोड आता, मी भरतो," तेव्हा बादली खाली ठेवून घरी गेली.

तर कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी कणीक आपटून ठेवली. खांदा दुखत होता पण तार आली होती. पांढऱ्या साड्यांतल्या बाया वंदनेला पुढच्या खोलीत बसलेल्या, तिच्या घराच्या मागच्या अंगणात मी, तिची लेक आणि जावई. जावई फार कामाचा माणूस. त्यानं नवाकोरा मटका आणला होता आणि केटररची मोठी गॅसभट्टी.

"मावशी, या जमान्यात धूर कशाले? पाच मिनटात तापवून देतो."

मला वाटलं, बरोबर आहे. मटका तापल्याशी मतलब. मी पदर खोचला, बांगड्या सारल्या. त्यानं भट्टी फुल्ल केली, निळी ज्योत मटक्यात शिरली आणि फट्ट! मटक्याचे तीन तुकडे. आत वंदना एक क्षण थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

लेक रडायच्या बेतात. जावई फोनवर दुसऱ्या मटक्याची चौकशी करायला लागला. माझ्या परातीत कणीक तशीच. तेवढ्यात मागच्या दारात तिचे यजमान येऊन उभे राहिले. तुकड्यांकडे पाहिलं.

"तिचा मटका कपडे धुवायच्या दगडामांगं हाय," ते म्हणाले. "आन् तुराट्या गच्चीवर. मेणकापडाखाली. पोट्टे फेकतो म्हणत होते. मी फेकू नाही देल्या."

मग आत निघून गेले.

मटका होता. पालथा, आतून काळा, तिनं ठेवला तसाच. वर्षभर त्यावर पाऊस पडला, ऊन पडलं. जावयानं तीन विटा मांडल्या, तुराट्या आणल्या. लेकीनं चूल पेटवली. मी गोळा हातावर घेतला आणि झुलवला. हात काही विसरले नव्हते. झपकन रोटी टाकली.

मधे जळाली, कडेला कच्ची.

"जाळ कमी कर," मी म्हटलं. लेकीनं काड्या ओढल्या. पुढची मटक्याला चिकटून बसली. "वाढव, वाढव!" भडका झाला, माझ्या भुवया वाचल्या ते नशीब. "अगं, इकडून सार! इकडून नाही, तिकडून!"

"मावशी, आईले असं सांगा लागे का?"

मी गोळा हातात धरून उभी राहिले. आईला असं कधीच सांगावं लागलं नव्हतं. इतक्या वर्षांत "कमी कर" हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. मी वर बघत असायची, बायांकडे, आणि माझ्या हातातून रोटी सुटायची तेव्हा मटका तिच्यासाठी तयार असायचा. कसा, ते मला ठाऊक नव्हतं. आत त्या माणसाच्या ताटात वरण वाढून झालं होतं.

"ऊठ," मी लेकीला म्हटलं. "तुह्ये हात लंबे हायेत. तू टाक."

"मले येत नाही न!"

"मले तरी कुठं येत होतं? माही दुसरी कुत्र्यानं नेली होती. टाक."

मी खाली बसले. बसले म्हणजे काय, भिंतीला धरून, जावयाला धरून, गुडघ्यांना शिव्या देत एकदाची पिढ्यावर पोचले. तिचाच पिढा, एका बाजूनं डुगडुगणारा. तुराटी हलकी, भसकन पेटते आणि तशीच विझते. मूठभर घातली की भडका, नाही घातली की राख. एकेकच सारायची, आणि एका जागी नाही. मटक्याची कड जिथं गार दिसेल तिथं. नजर काढायची नाही. एकदा काढली आणि लेकीची रोटी जळाली. पुन्हा काढली नाही.

तिसरी फाटली. चौथीचा आकार मध्य प्रदेशासारखा झाला, पण भाजली. पाचवी निघाली. लेकीनं ती अलगद उचलली, धोतरासारखी घडी घातली आणि आत धावली. परत आली, हात ओले केले, पुढचा गोळा घेतला.

धुरातून मी एकदाच वर पाहिलं. खालून पाहिलं की दोन लांब हात दिसतात, त्यांच्यामधे झुलणारी रोटी, तिच्यातून येणारं ऊन, आणि त्याच्याही वर, मान ताठ केलेल्या बाईच्या नाकपुड्या. मला हसू फुटलं. म्हणजे इतकी वर्षं ही बाई इथं बसून माझ्या नाकपुड्या पाहत होती, आणि एका शब्दानं बोलली नाही!

हे तर सांगायलाच हवं होतं. तिलाच. मी मान वळवलीसुद्धा, सवयीनं, इथल्या पायरीकडे. तिथं फुटक्या मटक्याचे तुकडे ठेवले होते.

आतून लेकीला हाक आली, बाबांना आणखी एक रोटी हवी म्हणून. तिनं गोळा झुलवायला घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि कोपऱ्यावरच्या सुनेची बातमी जिभेवर येऊन बसली होती.

"मावशी, तुम्ही इतक्या गप्प काहून झाल्या?"

"बोलू नको," मी म्हटलं, आणि एक तुराटी आत सारली. "जाळ पाहून राहिलो."