भट्टीच्या खोलीतली वाळ्याची ताटी

यश मिळालं की एक फोटो निघतो. अपयशाचे मात्र किस्सेच साचत जातात. सत्तरच्या दशकात वाशिमच्या आमच्या कॉलेजात आम्ही फ्लोराइडचे स्फटिक तयार करायचो. त्या दिवसांचे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. सांगताना हसतो, पण हसू आतून येत नाही.

आम्ही तिघं होतो. भौतिकशास्त्राचे देशमुख सर, मी डेमॉन्स्ट्रेटर, आणि भट्टी सांभाळणारा रिठदचा नामदेव. पांढरी पावडर वितळवून आठवडाभर हळूहळू थंड केली की काचेसारखा स्फटिक निघायचा. तो पुण्याला लेझरच्या चाचणीला जायचा.

*

पहिला इतका नितळ, की सरांनी त्याच्या आरपार पेपर वाचून दाखवला! पुण्याहून परत आला तेव्हा पोटात काळा डाग आणि भोवती तडे. चिठ्ठीत लिहिलं होतं, आत काहीतरी मिसळलंय, किरण तिथंच शोषला जाऊन स्फटिक फुटला.

नामदेव म्हणाला, "मानसाचंबी असंच असते सर. वरून काईच दिसत नाई."

*

मग सर शुद्धतेच्या मागे हात धुऊन लागले. तंबाखू बंद, उदबत्ती बंद, मला तर केस बारीक करायला लावले. तरी पुढचे दोन्ही फुटले. पुण्याने कळवलं, आता एकच तपासू, नाहीतर काम बंद. नामदेवची नोकरी त्या कामापुरतीच होती.

*

चोर सापडला तो वैशाखात. नामदेवने खिडकीला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारलं होतं, आणि शेजारीच पावडर उघडी. वऱ्हाडात घरोघरी हेच करतात. आम्हीही रोज त्या गारव्याला बसायचो, पण ती ओल पावडरीत जाते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सर ओरडले नाहीत, म्हणून नामदेव जास्त घाबरला. "भट्टीपाशी मानूस शिजून राह्यला सर, म्हून लावली." ताटी त्यानेच काढली. सरांनी माठसुद्धा बाहेर ठेवायला लावला.

*

शेवटच्या स्फटिकाला नामदेव आठवडाभर बसून राहिला. पाणी प्यायला बाहेर ये म्हटलं की म्हणायचा, "अन् तेवढ्यात लाइट गेली तं? मले काई होत नाई." स्फटिक निघाला त्या संध्याकाळी तो गेला. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

पंधरा दिवसांनी चिठ्ठी आली. स्फटिक टिकला, एकही डाग नाही, पुढचे पाठवा. सरांनी चिठ्ठी खिशात ठेवली, ताटी पुन्हा खिडकीला बांधली, माठ आत आणला आणि पेल्यापेल्याने सगळा तिच्यावर ओतला.

टेबलावर पुढच्या स्फटिकाची पावडर उघडीच होती.