पडद्यावर माझाच फॉर्म

यवतमाळच्या एका कॉलेजात वेब डेव्हलपरांची कॉन्फरन्स होती. माझं भाषण जेवणानंतर होतं, मराठीतून वेबसाइट कशी करावी यावर. अब्बांनी मला आर्णीहून गाडीवर आणून सोडलं. ते टू-व्हीलर दुरुस्त करतात. फाटकावरच्या फ्लेक्सवर माझा फोटो बघत ते बराच वेळ हेल्मेट हातात धरून उभे होते. मग सुटे भाग घ्यायला बाजारात गेले.

जेवणाआधीचं शेवटचं भाषण नागपूरच्या एका डेव्हलपरचं होतं. त्यानं एका दवाखान्याचा फॉर्म पडद्यावर लावला. नावं, नंबर, सगळ्यावर काळ्या पट्ट्या मारल्या होत्या. पण खालचं हिरवं बटण तसंच होतं, आणि सगळ्यात वरच्या रकान्यापाशी ‘संपुर्ण नाव’ असं चुकीच्या उकारानं लिहिलेलं. ती चूक माझी होती. दारव्ह्यात बायकांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंसाठी दोन वर्षांपूर्वी मी तो फॉर्म केला होता.

“नंबर लावला की पेशंटची चिठ्ठी उघडते,” तो सांगत होता. “वर वेबसाइटच्या पत्त्यात शेवटी सत्तेचाळीस आहे. मी फक्त अठ्ठेचाळीस केलं.”

दुसऱ्याच कुणाची चिठ्ठी उघडली. लोक हसले.

“हे आजही उघडं आहे. बनवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. दवाखान्यात दोनदा फोन केला, पण कुणाला काही समजलं नाही.”

खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की मला कुणी ओळखलं तर? मग त्या काळ्या पट्ट्यांखाली काय आहे ते आठवलं. तक्रार काय, आणि घरी फोन केलेला चालेल का. तो रकाना डॉक्टरबाईंनी मुद्दाम घालायला लावला होता, कारण काही मुली घरी न सांगता यायच्या.

मी वाकूनच बाहेर पडले. व्हरांड्यात मोबाइलवरून साइट बंद करायला गेले तर पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जमलं. मग डॉक्टरबाईंना फोन लावला.

“मॅडम, साइटमध्ये मोठी चूक होती. कुणालाही पेशंटची माहिती दिसत होती. मी बंद केली आत्ता.”

“कधीपासून दिसत होती?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मागच्या महिन्यात एक मुलगी रडत आली होती. घरच्यांना कसं कळलं, म्हणत होती. ते यातूनच कळलं का?”

“मला माहीत नाही, मॅडम.”

तो फोन ठेवला. मी अब्बांना फोन केला. “घरी चला, अब्बा.”

“काहून? झालं का भाषण?”

मी रडत सगळं सांगितलं.

“बंद केलं ना आता?”

“हो.”

“मग त्या माणसाले सांग. तो अजून शोधून राह्यला असंल तुले.”

जेवणानंतर मी स्टेजवर गेले. “सकाळी दाखवलेली ती साइट मी केली आहे,” मी म्हणाले. मग चूक कुठं झाली, ती कशी टाळता आली असती, तेवढंच सांगितलं. मराठी वेबसाइटचं भाषण राहूनच गेलं.

नंतर तो नागपूरचा डेव्हलपर माझ्याजवळ येऊन बसला. कोणी कोणी दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या उघडल्या त्याची नोंद आम्ही दोघांनी तपासली. शेवटच्या थोड्याच दिवसांची शिल्लक होती. त्यात त्याचा मोबाइल सापडला, आणि आणखी एक. त्या दुसऱ्यानं एकापासून सुरुवात करून एकेक आकडा वाढवत सगळ्या चिठ्ठ्या उघडल्या होत्या, एका दुपारी.

तो कोण होता, ते आम्हाला शोधता आलं नाही. डॉक्टरबाईंनी नंबर लिहायला पुन्हा वही सुरू केली, आणि पेशंट येईल तसं प्रत्येकीला झालेलं सांगितलं. ती मुलगी परत आली का, हे विचारायला मी दोनदा फोन हातात घेतला. अजून लावलेला नाही.