चोरायचे बिबडे

जळगावात मेहरूणच्या त्या गल्लीत कोकिळाबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: तिच्या स्वयंपाकघरातून कचऱ्यात काही जात नाही. टरबूज खाल्लं की सालीच्या पांढऱ्या गराचं थालीपीठ होतं, दुधीच्या साली तिळाच्या चटणीत जातात, आणि रात्रीची भाकरी उरली तर सकाळी लसणाच्या फोडणीत तिचा कुस्करा होतो. त्या कुस्कऱ्याला तिनं 'शाही चुरा' असं नाव दिलंय. तिचा नवरा कुंदन डाळमिलमध्ये कामाला. गिलकं, म्हणजे घोसाळं, पाहिलं की तोंड फिरवणारा माणूस. हिनं गिलकी किसून पिठल्यात ढकलली, आणि तीन वर्षं तो मिलमध्ये सांगतोय की आमच्या घरच्यासारखं पिठलं खानदेशात कुणाला जमत नाही. कोकिळा हे ऐकते आणि मान खाली घालून वाढते.

मौजेचंही तसंच. रविवारी संध्याकाळी नवराबायको आणि सात वर्षांची सोनल, असे तिघं मुरमुऱ्यांचा डबा घेऊन तलावावर जातात. गाडीवरची भेळ पाहून सोनलनं ओठ मुडपले की कोकिळा कानात सांगते, "तो निळ्या शर्टवाला बघ. आता त्याची बायको त्याच्या द्रोणात चमचा घालणार." बायको घालतेच. मग पुढच्या जोडप्याचं भाकीत सोनलनं करायचं आणि चुकेल त्यानं डबा घरापर्यंत वाहायचा. डबा बहुधा कुंदनच वाहतो.

अशा बाईला कुणी एका वाक्यात चीत करेल असं वाटलं नव्हतं, पण गेल्या दिवाळीत तिच्या भाच्यानं केलं. कुंदनची बहीण सारिका धुळ्याला असते, नवरा सरकारी कचेरीत. तिचा नऊ वर्षांचा स्वप्नील मोठा शिस्तीचा, वह्यांना रेघा मारणारा पोरगा. चार दिवस राहिला आणि निघताना आईला म्हणाला, "मामाकडे काहीच नसतं." हळूच म्हणाला, पण सोनल तिथंच चपला शोधत होती.

 आठवड्यानंतर जेवताना सोनलनं विचारलं, "आई, स्वप्नील म्हणतो तसं आपल्याकडे काहीच नसतं का गं?" कोकिळाला ते फार लागलं. भाच्याचं लागलं नाही इतकं लेकीचं लागलं. 'शाही चुरा' म्हणून टाळ्या वाजवणारी पोर आता ताटाकडे परक्या माणसासारखी बघत होती.

त्यात एप्रिलमध्ये सारिकाचा फोन आला. "वहिनी, आखाजीले येसूच. पन स्वप्नील नही म्हनस. पुढला वरीसनं काही खरं नही."

आखाजी म्हणजे आपली अक्षय तृतीया. पण खानदेशात तो लेकींचा सण. आखाजीला लेक माहेरी आली नाही तर अख्खी गल्ली विचारते, काय बिनसलं? कोकिळानं फोन ठेवला आणि कंबरेला पदर खोचला. पोराला चार दिवसांत फितवायचं होतं, तेही घरात होतं त्यातच.

पाहुणे आले. सणाला खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला, कडुलिंबाला झोका बांधून झाला. स्वप्नील सगळ्याला "छान आहे" म्हणाला, पाहुण्याच्या घरी म्हणतात तसं. कोकिळा चिडली नाही. तिचा खरा डाव दुसऱ्या दिवसाचा होता.

पहाटे उठून तिनं ज्वारीचं पीठ तीळ, जिरं, लसूण, तिखट घालून मोठ्या पातेल्यात शिजवलं. सारिका आणि शेजारच्या लताबाई मदतीला आल्या. ऊन चढायच्या आत गच्चीवर प्लास्टिकवर पातळ पातळ बिबडे थापून झाले, पाठोपाठ शेजारच्या गच्चीवर लताबाईंचेही. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड; वाळले की वर्षभर तळून खायचे. पण खरी गंमत वाळण्याच्या आधीची. वरून सुकलेला, आतून ओला बिबडा सोलून काढायचा, त्याला शेंगदाण्याचं कच्चं तेल लावायचं आणि तोंडात टाकायचा. त्याची वेळ दोन तासांची. जळगावचं ऊन पुढं कुणाला सवलत देत नाही. आणि तो चोरूनच खायचा असतो. ज्या आईनं वाढून दिला तिनं त्याची चव घालवली.

म्हणून कोकिळानं यंदा शेरभर पीठ चोरीसाठीच जादा धरलं होतं. मग दोन्ही पोरांच्या हातात काठ्या देऊन तिनं डोळे वटारले. "कावळासकडे ध्यान ठेवा. बठ्ठा मोजेल शेतस. एक बी बिबडा कमी व्हयना ना, ते मनासंगे गाठ शे!"

एवढा धाक कुठल्याही सुदृढ पोराला चोरी करायला पुरेसा होता. ती जिन्याखाली येऊन खुसखुसत बसली.

अर्धा तास गेला. वर आवाज नाही. तिला वाटलं, तोंडं भरलेली असणार. नऊला ती दबकत वर गेली, तर स्वप्नील वही घेऊन उभा. रांगेगणिक आकडे, खाली रेघ.

"मामी, दोनशे सोळा. एकही कमी नाही. एक चिमणी आली होती, तिला हाकललं."

सोनल काठी खांद्याला लावून शेजारी उभी होती. "आई, तू इतक्या जवळ नको येऊस. पदर लागेल."

कोकिळाला कपाळावर हात मारावासा वाटला. ती खाली गेली आणि तेलाची वाटी, वर तिखटाची चिमूट, असा ऐवज घेऊन परत आली. "हे इथंच राहू दे हं," म्हणून तिनं वाटी बिबड्यांच्या मधोमध ठेवली. दहा मिनिटांनी पाहिलं, तर पोरांनी वाटी कठड्याच्या सावलीत सरकवून वर ताटली झाकली होती. मुंग्या लागू नयेत म्हणून.

साडेनऊ वाजले. सारिका खाली चहा पीत होती.

"ताई, पोरेस्नी एक बी खादा नही," कोकिळा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"काय सांगस!" सारिकाला ठसका लागला. "आमी ते राखणदार कमी अन् चोर जास्त व्हतूत." मग तिला काय आठवलं कोण जाणे, कप खाली ठेवून तिनं ओढणी तोंडाला गुंडाळली. "चाल वहिनी. पोरेस्ना भरवशावर बसशी ते बिबडा वाळी जाती."

लताबाईंची गच्ची लागूनच, मध्ये गुडघाभर कठडा. दोघी तिकडून रांगत आल्या. पस्तिशीतल्या दोन बाया, एकीचा नवरा सरकारी नोकर, पालथ्या पडून प्लास्टिकच्या कोपऱ्याशी हात घालत होत्या. सारिकानं एक बिबडा सोलला, वाटीत बुडवला आणि अख्खा तोंडात कोंबला. तेवढ्यात डोक्यावर सावली पडली.

"मम्मी?"

काठी, वही आणि अतिशय दुखावलेला चेहरा. सारिकाला बोलता येईना. गाल भरलेले, हनुवटीवरून तेल ओघळतंय. कोकिळाच्या मनात आलं, आता हा पोरगा आकडा खोडून 'एक कमी' लिहिणार, आणि सगळं संपणार.

स्वप्नील आईच्या तेलकट हनुवटीकडे वाकला. "कसं लागतं?" त्यानं विचारलं.

सारिकानं दुसरा सोलला, अर्धा त्याच्या तोंडात घातला, अर्धा सोनलच्या. पोरगा चावला. मग त्यानं वही खाली ठेवली, आणि काठीही.

पुढचा अर्धा तास गच्चीवर जे झालं त्याला लूट म्हणतात. जादाचं शेरभर केव्हाच संपलं आणि वर्षाच्या बेगमीला हात लागला. कोकिळा "बस करा आते" म्हणणार, इतक्यात स्वप्नील तेलकट बोटानं कठड्यापलीकडे दाखवत कुजबुजला, "मामी, ते पण ओलेच आहेत."

पलीकडे लताबाईंचं वाळवण पसरलं होतं. कोकिळानं मोठ्या माणसाला शोभेल असं काहीतरी सांगायला हवं होतं. तिनं आधी उडी मारली.

"कोन शे रे तठे?" जिन्यातून लताबाईंचा आवाज आला.

"पया!" कोकिळा ओरडली आणि सगळ्यांत पुढं तीच पळाली. सोनल मागून हसत हसत येताना दोनदा पडली. इतकं हसताना ती दिवाळीपासून दिसली नव्हती.

दुपारी लताबाई दारात आल्या, हातात लाटणं. "मना सात बिबडा गायब शेतस."

स्वप्नील उठला, वही उघडली आणि खाली मान घालून म्हणाला, "काकू, सात नाही. नऊ."

लताबाई दाराच्या चौकटीला धरून हसत सुटल्या. "इतला इमानदार चोर जनममा देखा नही!" संध्याकाळी त्यांनीच आणखी दोन आणून दिले. पोरांनी ते शिष्टाचार म्हणून खाल्ले. दिलेल्याला ती चव नाही, असा स्वप्नीलचा शेरा पडला.

चौथ्या दिवशी पाहुणे एसटीनं धुळ्याला गेले. पोरगा पिशवी छातीशी धरून खिडकीत बसला, हात हलवला, झालं. सोनल घरी येताना रिक्षात म्हणाली, "त्याला आवडलं असेल का गं?"  "कोन जाने," एवढंच कोकिळा म्हणाली.

आठवड्यानं सारिकाचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. स्वप्नीलच्या वाढदिवसाला त्याला मोठ्या हॉटेलात नेलं होतं, एसी वगैरे. त्यानं मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, बोट फिरवत. मग वेटरला बोलावून विचारलं, ओले बिबडे आहेत का? वेटर नाही म्हणाला. कार्ड मिटून ठेवत पोरगा बापाला म्हणाला:

"चला पप्पा. यांच्याकडे काहीच नसतं."

फोन स्पीकरवर होता. सोनल भाकरीचा कुस्करा खात होती. तिनं आत्याला ते वाक्य आणखी दोनदा म्हणायला लावलं, आणि मग ताट पुढं सरकवलं.

"आई, शाही चुरा अजून वाढ."