पडवीतलं हसणं

भावजयीची थट्टा करायचा हक्क दिराला असतो. आमच्याकडे तो लग्नाच्या मांडवातच चालू होतो आणि त्यात कुणी वाईट पाहत नाही. मीही पाहत नव्हतो. पण थट्टा चार माणसांत करायची असते. मागच्या पडवीत, तिच्या बाजेजवळ पाट टाकून, चहाचा कप हातात धरून रोज संध्याकाळी करायची नसते. आणि भावजयीनंही इतकं हसायचं नसतं की पुढच्या ओसरीत बसलेल्या तिच्या नवऱ्याला उठून गोठ्यात जाऊन उभं राहावं लागेल.

मी तिसरी शिकलेला माणूस आहे, जे होतं तेच लिहितो. मी जळत होतो. आणि ज्याच्यावर जळत होतो तो माझा सख्खा धाकटा भाऊ.

आमचं गाव सुलतानपूरहून आत. घर एकच होतं, वाटणी झाली तेव्हा मधे भिंत घातली, मागची पडवी मात्र सामायिक राहिली. भाऊ एसटीत ड्रायव्हर, मी शेती पाहतो. माझं लग्न दोन बहिणी उजवल्यावर उशिरा झालं, म्हणून घरची माझ्याहून बरीच लहान, भावाच्या वयाजवळची. ती पन्नाशीला टेकली आहे आणि मी सत्तरीकडे निघालो आहे. मुलगा पुण्याकडे कंपनीत, मुलगी सासरी. घरात आम्ही दोघंच.

गावच्या मारुतीचा दिवा आमच्या घराण्याकडे आहे. आजोबानं लावला, बापानं लावला, थोरला म्हणून माझ्याकडे आला. दिवा लावणाऱ्याला एक पाळावं लागतं. घरची दूर बसली की तिच्या जवळ जायचं नाही, तिच्या हातचं खायचं नाही, तिच्या बाजेला शिवायचं नाही. दवाखान्याच्या दिवसाची तेवढी सूट, आल्यावर अंघोळ केली की झालं. तेव्हा ती मागे पडवीत, मी पुढे ओसरीत, आणि माझी भाकर भिंतीपलीकडून भावाच्या घरून. महिन्यातले चार दिवस. लग्नापासून असंच चाललं, कुणाचं काही अडलं नाही.

मग ते चार दिवस चार राहिले नाहीत. आठवडा झाला, पंधरवडा झाला. आधी गावात येणाऱ्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. मग मेहकरला सोनोग्राफी केली तर गर्भपिशवीत गाठी निघाल्या, लहानमोठ्या. पाळी थांबवायच्या गोळ्या चालू असल्या की थांबायचं, सुटल्या की धरणाचं दार उघडल्यासारखं अंगावरून जायचं. पिशवी साफ करून झाली. जालन्याकडच्या एका वैद्याचा काढा झाला. रक्तवाढीच्या गोळ्या ती खायची, पण खाल्लेलं रक्त अंगात राहील तर ना. दर औषधानं वाटायचं, आता उतार पडला. थोडे दिवस बरे जायचे. मग एखाद्या सकाळी ती काही न बोलता आपलं अंथरूण उचलून मागे जायची आणि मला समजायचं.

हंडा उचलला की तिला अंधारी यायची. सोयाबीन सोंगायला जाणं सुटलं. पडवीमागे कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा ढीग होता, त्याच्या आड ती धुतलेले कपडे वाळत घालायची, कुणाला दिसू नये म्हणून. मला सांगायची एवढंच, "तब्येत बरी नाई."

गावातले म्हणायचे, दादा, आता कोण पाळतं एवढं? मी म्हणायचो, मी पाळतो.

भाऊ काहीच पाळत नव्हता. त्याचं म्हणणं, दिवसभर एवढी माणसं गाडीत घेऊन फिरतो, त्यात कोण दूर बसलेली हाये ते तिकिटावर लिहिलेलं असते का? ड्युटीहून आला की सरळ पडवीत. एकदा मी ओसरीतून ऐकलं.

"वैनी, आज एक म्हातारी म्हने, ड्रायव्हरसाहेब, गाडी हळू हाका, माह्या पिशवीत अंडे हायेत."

"मंग?"

"मंग काय, म्या म्हनलं, माय, तुह्या पिशवीत अंडे, माह्या वैनीच्या पिशवीत गाठी. मी गाडी हाकू तरी कशी?"

तिच्या दुखण्याची थट्टा! मला वाटलं आता ती त्याला बोलेल, कप हिसकून घेईल. ती हसली. पोट धरून, "आई गं, आई गं" करत हसली. माझ्यासमोर जिच्या तोंडून गाठ हा शब्द निघत नव्हता ती बाई त्या गाठींवर हसत होती. मी गोठ्यात गेलो आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

आणखी एक सांगतो. मी तिला मेहकरला नेत होतो तेव्हा ती एसटीत सगळ्या वाटेनं उभी राहिली. जागा रिकामी होती. मी म्हटलं, बस ना. ती म्हणे, "राहू द्या, ठीक हाये." मला वाटलं, हट्ट. पुढच्या खेपेला गाडी भावाची होती. त्यानं ड्रायव्हरच्या मागची सीट धरून ठेवली होती, तिच्यावर काळ्या प्लास्टिकची घडी आणि वरून जुनी सतरंजी. ती बसली आणि पोहोचेपर्यंत झोपून गेली. तेव्हा मला समजलं की मागच्या खेपेला ती का उभी होती. तिनं त्याला सांगितलं नव्हतं, त्यानं तिला विचारलं नव्हतं. त्या सतरंजीकडे पाहत मी मेहकरपर्यंत गेलो. सतरंजी माझ्याच घरची होती.

यंदा पोळ्यापासून अंगावरून जाणं बंदच होईना. बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. भावाची सुट्टी होती, तोही आला. डॉक्टरीण बाईनं विचारलं, किती दिवसांपासून आहे, दिवसाला पॅड किती लागतात, गुठळ्या पडतात का? घरचीनं मान खाली घातली. बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे पाहिलं.

"म्याडम, पोळ्यापासून चालूच हाये," भाऊ बोलला. "गुठळ्या पडतात. झोपेतून उठून बदलाव लागते. मागच्या गोळ्यानं मळमळ व्हायची म्हून अर्ध्या घेतल्याच नाई तिनं."

"तुम्ही मिस्टर का यांचे?"

"नाई जी, मी दीर. मिस्टर हे."

बाईनं परत माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही वाईट नव्हतं, तिला पुढचा पेशंट पाहायचा होता. पण मी ते विसरलो नाही.

बाई म्हणाली, रक्त फार कमी झालंय, भरती करा, आधी रक्त चढवू, मग पिशवी काढायचं पाहू. सोबत एक माणूस लागेल, कोण राहील? भावाची बायको येऊ शकत नव्हती, तिच्या पोरीचं बाळंतपण घरात होतं. मी तोंड उघडायच्या आत घरची म्हणाली, "भाऊजी राहतीन."

आणि माझ्याकडे न पाहता बाईला सांगितलं, "ह्यायले गावात दिवा असते."

बाहेर आल्यावर मी भावाला कोपऱ्यात घेतलं.

"तुले एवढं कसं मालूम बे?"

"बायको सांगते. नाई सांगितलं तं मी वैनीले इचारतो."

"इचारतो?"

"हाव. इचारल्यावर सांगते ते. तुमी इचारून पाहा."

दोन दिवसांनी भरती करायचं ठरलं. गावात परत आलो. भरतीच्या आदल्या दिवशी मी देवळात दिवा लावला आणि पायरीवर बसून राहिलो. मारुतीला काही मागितलं नाही. विचार करत होतो. दवाखान्यात तो राहणार, तिला पाणी तो देणार, तिच्या उशाशी तो बसणार, आणि मी इथे वातीला तेल घालणार. लोक म्हणतील, काय पाळतो म्हातारा! आणि ती तिकडे हसणार.

घरी आलो, भाऊ अंगणात दाढी करत होता. मी म्हटलं, "उद्यापासून दिवा तुहा."

त्याचा वस्तरा गालावरच थांबला. लहानपणी तो दिव्यासाठी बापाजवळ रडला होता. थोरल्याचा मान म्हणून बापानं दिला नव्हता.

"काऊन दादा? तब्येत बरी नाई का?"

"तब्येतीले काई नाई झालं. तू लाव. आन् दिवा लावनाऱ्यानं काय पाळाव लागते ते तुले मालूम हाये."

तो आरशातून माझ्याकडे पाहत राहिला. मग तोंडावर साबण तसाच ठेवून हसायला लागला.

"म्हंजे मले वैनीजवळ जाऊ द्याचं नाई तुमाले!"

"मी तसं म्हनलो का?"

"नाई, तुमी कायले म्हनसान."

मी तसंच म्हटलं होतं. थोरल्याचा मान मी कुणाची दया येऊन सोडला नाही, नीट हिशोबानं सोडला. मला त्यात आजही काही चूक दिसत नाही.

भरती झाल्यावर बायांच्या वॉर्डात खुर्ची ओढून मी बसलो. तिच्या हाताला सुई होती आणि वरून रक्त थेंबथेंब उतरत होतं. सकाळी आम्ही निघालो तेव्हा तिला वाटलं मी पोहोचवून परत फिरणार.

"गाडी चुकंन तुमची," ती म्हणाली.

"मी राहून राह्यलो."

"आन् दिवा?"

"दिला."

"कोनाले?"

"तुह्या भाऊजीले."

तिनं वर त्या रक्ताच्या पिशवीकडे पाहिलं. "जीव तुटला असंन तुमचा."

"दिव्यापायी नाई तुटला."

मी वाट पाहिली की आता बोलेल. समोरच्या मेडिकलातून काय आणायचं ते तिनं हळूच सांगितलं. मी गेलो, तिथे तरण्या पोरी उभ्या होत्या, त्यांच्यादेखत मी पॅड मागितले. पोऱ्यानं विचारलं, कोणते? मी म्हटलं, सगळ्यात मोठे. आणले ते तिला चालले. चादर बदलायला नर्ससोबत हात लावला. पहिल्यांदाच मी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं. एवढं रक्त जातं आणि ही बाई भाकरी थापत होती, उभ्यानं एसटीत जात होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भावाला सांगितलं होतं.

दुपारी तिनं विचारलं, बैलाला पेंड टाकली का, तुरीला फुलं आली का. मला राहवलं नाही.

"त्याच्यासंगं बी हेच बोलते का?"

"नाई."

"मंग काय बोलते एवढं?"

"तुमचंच."

"माहं काय?"

"तुमी देवळातून येता ना, पडवीच्या कोपऱ्यावर उभे राह्यता. असा घसा खाकरता. मले वाटते आता काई इचारतीन. तुमी वर आभाळाकडं पाह्यता आन् निंघून जाता. भाऊजी तुमची नक्कल करते."

"कशी?"

तिनं करून दाखवली. सुईचा हात जपत मान ताठ केली, हनुवटी वर धरली, घसा दोनदा खाकरला आणि छताकडे असं पाहिलं जसं मी पाऊसपाणी पाहतो. शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली. घरचीही हसली, पोट धरून, तेच हसणं.

"असा करतो मी?"

"रोज."

म्हणजे ज्या हसण्यापायी मी गोठ्यात जाऊन उभा राहायचो ते माझंच होतं. राग आलाच. पण तो नकलेचा नव्हता. माझी नक्कल करून तो तिला हसवत होता, आणि मी स्वतः समोर असून मला ते कधी जमलं नव्हतं, त्याचा आला.

दुसऱ्या दिवशी भाऊ डबा घेऊन हजर. बोटाला शेंदूर तसाच. आला आणि खाटेच्या कडेवर बसला.

"दिवा लावला का बे?"

"लावून आलो."

"आन् पाळनं?"

"देवाले सांगून आलो, दवाखान्यात जाऊन राह्यलो म्हून."

"मंग?"

"काईच नाई म्हनला. तुमाले कधी काई म्हनला का, दादा?"

घरचीनं पदर तोंडाला लावला. मी डबा उघडला. वांग्याची भाजी होती, तिला आवडते तशी. माझा डाव वाया गेला होता. पण खुर्ची माझ्याकडे होती आणि मी ती सोडली नाही. तो आपला खाटेच्या कडेवरच बसला.

रक्त चढलं, पण पिशवी काढणं झालं नाही. बाई म्हणाली, गाठी मोठ्या आहेत, बीपीही वर आहे, इंजेक्शनं देऊन गाठी लहान करू, रक्त आणखी वाढू द्या, मग. घरी आलो. पहिल्या इंजेक्शनानंतर बरं गेलं, आम्हाला वाटलं सुटलो. मग परत चालू झालं. पहिल्यासारखं नाही, पण चालूच. तारीख ठरते, तपासणीत रक्त कमी भरतं, तारीख पुढे जाते. असं चाललं आहे.

ती अजून पडवीतच झोपते, तिला तिथे हवा लागते. माझी बाजही आता तिथेच आहे. चहा मी करतो. साखर जास्त होते म्हणते, पण पिते. घसा खाकरत नाही, विचारतो. कधी सांगते, कधी म्हणते, "रोज रोज काय इचारता."

परवा संध्याकाळी भाऊ आला. म्हणाला, "दादा, दिवा घ्या ना परत. मले ड्युटीतून जमून नाई राह्यलं."

"तूच लाव."

दिवा परत घेतला की मला ओसरीत जावं लागेल आणि पाटावर हा बसेल, एवढं मला समजतं. घरची म्हणाली, "भाऊजी, बसा, चहा होऊन राह्यला."

"तो कायचा बसते," मी म्हटलं, "त्याले ड्युटीवर जाचं हाये."

भावानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि गेला. मी चहा ओतला, दोघांपुरताच.

"काऊन पाठवलं त्याले?"

"ड्युटी हाये त्याची."

"आज सुट्टी असते त्याची," ती बशीत फुंकर घालत म्हणाली.

त्याची सुट्टी कोणत्या वारी असते हे मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.