निम्मे व्हॉल्व

बोईसरच्या घरून काम करताना माझा कोड लिहायचा एडिटर अडकायला लागला. टाइप केलेलं अक्षर दिसेपर्यंत चहाचा घोट घेऊन व्हायचा. मी एडिटरला आणि तो बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या. दोनदा काढून पुन्हा टाकला, तरी तेच.

वडील तारापूरच्या एका कारखान्यात फिटर होते. पेपरातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्याला वरून काय काय जोडलंयस?"

"बत्तीस एक्स्टेंशन, म्हणजे जादा सोयींचे छोटे प्रोग्राम."

"मग निम्मी बंद कर. वाफेची गळती आम्ही अशीच शोधायचो. निम्मे व्हॉल्व बंद केल्यावर गळती थांबली, तर दोष त्या निम्म्यांत."

मला ते पटलं नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. निम्मी-निम्मी बंद करत पाचव्या फेरीला एकच एक्स्टेंशन उरलं. सारखी फाइल सेव्ह करत राहणारं ते मीच लिहिलं होतं आणि ऑफिसात सगळ्यांना आग्रहाने वापरायला लावलं होतं.

"कुणी बसवलं होतं?" वडिलांनी विचारलं. मी ते एक्स्टेंशन काढून टाकलं.

गेल्या महिन्यात एका सहकारी मुलीने एडिटर अडकतो अशी तक्रार केली होती. तुझा लॅपटॉप जुना झालाय, नवा घे, असं मी तिला तोऱ्यात सांगितलं होतं.

तिने घेतला होता.