ठमीसाठी हिरवी इरकल

आयुष्यात मी एकदाच बदनाम झालो, आणि तेही एका मांजरीने चार घास खावेत म्हणून.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तसे आमच्या घराचे दोन झाले. माझी बायको प्रमिला सरकारी कन्याशाळेत मास्तरीण. मूळची परभणीची, म्हणून तिचं नाव मुंबई राज्याच्या यादीत गेलं आणि शाळाही मिळाली परभणीतच. मी पाटबंधारे कचेरीत कारकून, माझं नाव इकडे हैदराबादेतच राहिलं. मी लगेच बदलीचा अर्ज केला. पण तो कोणत्या राज्याच्या साहेबाने वाचायचा हेच ठरेना, त्यामुळे तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. बरकतपुऱ्यातल्या दोन खोल्यांत मागे उरलो मी, पाण्याचा एक पितळी हंडा आणि ठमी.

ठमी ही प्रमिलाची मांजर. (माझी ती कधीच नव्हती. मला ती भाडेकरू समजायची.) तिला बाहेर सोडायची सोय नव्हती, कारण शेजारच्या गच्चीवर रशीदमियाँची कबुतरं. एकदा ठमीने त्यातल्या एकाचं अर्धं शेपूट तोंडात धरून आणलं, तेव्हा मियाँ दारात आले आणि शांतपणे म्हणाले, "देखो भाई, मैं तुमकू कुछ नै बोलतौं. बिल्लीकू अंदर रखो, बस." तेव्हापासून ठमी घरकैदेत. प्रमिला होती तोवर ते ठमीच्या लक्षातही आलं नाही. जाताना काचीगुडा स्टेशनच्या फलाटावर प्रमिलाने डोळे पुसत मला बजावलं, "अहो, ठमीला रोज खेळवत जा. नुसती पडून राहिली तर खंगेल ती."

निदान शेवटचं वाक्य तरी माझ्याबद्दल असेल असं मला वाटलं होतं. पण गाडी सुटली.

ठमी खरंच पडून राहिली. घरात प्रमिलाची ट्रंक होती, तिच्यावर बसायचं आणि दाराकडे बघायचं, एवढाच तिचा दिनक्रम. दूध तसंच राहायचं, भाताला ती नाक लावायची आणि मान फिरवायची. पंधरा दिवसांत पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. इकडे मी पत्रात लिहीत होतो, 'ठमी मजेत आहे, दिवसभर उड्या मारते.' संक्रांतीला प्रमिला येणार होती. तोवर ठमीने निदान एक उडी मारणं भाग होतं.

दोन गावांत दोन चुली चालवायच्या म्हटल्यावर खेळण्यांना पैसे कुठले? मी कचेरीतल्या रद्दीचे बोळे करून घरभर फेकले. ते मीच गोळा केले. पायजम्याच्या नाडीला अक्रोड बांधून ओढला. खोक्याला भोकं पाडून त्याचं घर केलं. शेवटी रशीदमियाँकडे गेलो आणि कबुतराचं एखादं पडलेलं पीस मागितलं.

"किस वास्ते?"

"बिल्लीकू खेलनेकू."

मियाँनी खुराड्याखाली वाकून शोधलं. मग पीस देत म्हणाले, "पहले बिल्ली थी, अब तुम बी शुरू हो गए?"

पिसाकडेही तिने पाहिलं नाही. एका संध्याकाळी तर मी दोन्ही हात जमिनीला टेकून, म्याँव म्हणत तिच्यासमोरून रांगत गेलो. ठमीने मला नीट पाहून घेतलं आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं. तिला तरी काय बोलणार? कचेरीतून आलो की मीही ट्रंकेच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याच दाराकडे बघत असायचो.

तेवढ्यात प्रमिलाचं पत्र आलं. संक्रांतीची रजा नामंजूर. शाळा नवी, राज्य नवं, हेडमिस्ट्रेसबाई कडक. मेपर्यंत येणं नाही. त्या दिवशी मला घरात अगदी बसवेना. मी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्या बदलायला उघडली असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, पण मला तिच्या साडीचा वास घ्यायचा होता. वरच तिची हिरवी इरकल होती. ती खांद्यावर टाकून मी उठलो, पदर जमिनीवर घासला, आणि मागून धप्पकन आवाज आला. ठमीने पदरावर झेप घेतली होती!

मी साडी हातात धरून ओढून पाहिली. छे. ठमी एवढ्यावर फसणारी नव्हती. साडी चालली पाहिजे, चुलीपासून हंड्यापर्यंत आणि हंड्यापासून चुलीपर्यंत, प्रमिला चालायची तशी. मग मी दार लावलं आणि सदऱ्या-पायजम्यावरून साडी नेसलो. (नेसलो म्हणजे गुंडाळली.) चुलीपाशी गेलो, ठमी मागे. हंड्यापाशी आलो, ठमी साडीच्या काठाला लोंबकळलेली. अर्ध्या तासाने दमून तिने वाटीभर दूधभात चाटूनपुसून खाल्ला, आणि मी साडी नेसूनच खाली बसून तिच्याकडे बघत राहिलो.

मग तो नेमच झाला. कचेरीतून यायचं, दार-खिडकी लावायची, साडी नेसायची आणि "चल ग, ये ना, अशी रुसू नको" करत घरभर फिरायचं. सगळं बंद असायचं, फक्त खिडकीची वरची एक काच फुटलेली होती. समोरच्या माडीवर गोदामावशी राहायच्या, प्रमिलाच्या आईच्या चुलत बहीण. त्यांच्या गॅलरीतून त्या भोकात डोकावलं की आमच्या घरातल्या माणसाचं गळ्याखालचं तेवढं दिसायचं, आणि बोलणंही ऐकू यायचं. हे मला पुढे कळलं.

एका शनिवारी दुपारी मी असाच हंड्याकडून चुलीकडे चाललो होतो. मागे ठमी. धाडकन दार वाजलं. "उघडा!" आवाज प्रमिलाचा. मला आनंद इतका झाला की अंगावर काय आहे हेच विसरलो आणि धावत जाऊन दार उघडलं.

दारात प्रमिला, हातात पिशवी. मागे गोदामावशी, हातात लाटणं.

"कुठंय ती?" प्रमिला म्हणाली.

"कोण?"

"माझी इरकल नेसून घरात वावरणारी."

मी मान खाली घातली. "मीच."

मावशींनी लाटणं पदराआड केलं. प्रमिलाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग काठाला लोंबकळलेल्या ठमीला पाहिलं, आणि उंबऱ्यावर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला. हसता हसता रडायलाही लागली. मी सगळं सांगितलं, दूधभातासकट. तिने डोळे पुसले, जवळ आली आणि माझा पदर धरून म्हणाली, "उजव्या खांद्यावर घेतात का पदर? एवढे दिवस डोळ्यांनी बघता काय तुम्ही?" मग मला तिथेच उभा करून तिने माझ्या निऱ्या नीट केल्या.

मावशींचं पत्र तिने मला दाखवलं. 'चि. प्रमिलास अनेक आशीर्वाद. तुझी हिरवी साडी नेसून एक बाई रोज घरात असते. जावईबापू तिला लाडीगोडी लावतात, ती फार रुसकी दिसते. बाई पाठीने रुंद असून चाल म्हशीची आहे. तुझ्या नखाचीही सर नाही.' (शेवटच्या दोन वाक्यांची गरज नव्हती असं माझं आजही मत आहे.)

"पण तुला रजा कशी मिळाली?" मी विचारलं.

"हेच पत्र हेडमिस्ट्रेसबाईंसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, आजच्याच गाडीने जा."

संक्रांतीला मिळाली नाही ती रजा तिच्या सवतीमुळे मिळाली. चार दिवस. त्या चार दिवसांत ठमीने घर डोक्यावर घेतलं आणि मी एकदाही दाराकडे पाहिलं नाही. जाताना प्रमिला ठमीला वेताच्या टोपलीत घालून घेऊन गेली. तिथे पलीकडे कबुतरं नाहीत म्हणाली. साडी तेवढी विसरली. खरं तर तिने ती पिशवीत भरली होती, मीच हळूच काढून घेतली.

आता घरात खेळवायला कोणी नव्हतं. तरीही आठ दिवसांनी मी ट्रंक उघडली. इरकल नेसलो, पदर डाव्या खांद्यावर, निऱ्या शिकवल्या तशा, आणि बरोबर त्या फुटक्या काचेच्या समोरून तीन फेऱ्या मारल्या. मावशींनी बघावं, लगेच कागद-पेन घ्यावं, आणखी एक पत्र परभणीला जावं, एवढीच माझी इच्छा होती. चौथ्या फेरीला मी जरा खाकरलोही.

समोरच्या गॅलरीतून मावशींचा आवाज आला, "जावईबापू, आज छान चापूनचोपून नेसलात हो. या, भाकरी खाऊन जा."